सुखुमी स्टेशन: इमारत पाहा, गाडी चौकातून धरा

काळ्या समुद्रावरचं सुखुमी हे अबखाझियाचं मुख्य शहर आणि बंदर. जॉर्जिया अबखाझियाला आपला व्याप्त प्रदेश मानतो, रशियाने 2008 मध्ये स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली, भारताने दिलेली नाही. इथल्या स्टेशनचं जे काही बरंवाईट आहे, ते याच भांडणातून आलंय.

इमारतीला पैकीच्या पैकी गुण. 1951 ची, स्टालिनकालीन थाटाची: स्तंभांच्या रांगा, कमानी, सुळक्याचा मनोरा, समोर ताडाची झाडं. 1992-93 च्या जॉर्जिया-अबखाझिया युद्धानंतर देखभाल मात्र तुटली. कंगोऱ्यांतून रोपटी उगवलीत. एवढा दिमाख, आणि प्रवासी गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या!

कारण साधं आहे. ऑगस्ट 1992 मध्ये युद्ध पेटलं, जॉर्जियाच्या बाजूच्या हद्दीवरच्या इंगुरी नदीचा रेल्वेपूल उडवला गेला आणि जॉर्जियाच्या राजधानीकडची, तिबिलिसीकडची वाट बंद झाली, ती आजतागायत. रशियातल्या सोचीहून गाडी पुन्हा आली ती 2004 मध्ये. 2008 च्या उन्हाळ्यात रशियन रेल्वे-सैनिकांनी ओचामचिराकडचा 54 किमीचा रूळ दुरुस्त केला, पण रशियाहून येणारी प्रवासी गाडी सुखुमीलाच संपते. थोडक्यात, जंक्शनचा रुबाब असलेलं हे टर्मिनस आहे. गाडीच्या वेळेत सीमेवरच्या तपासणीचा थांबा धरूनच पुढचं नियोजन करा.

म्हणून खरं स्टेशन म्हणजे बाहेरचा चौक. मशरुत्का, म्हणजे आपलं वडापच, इथूनच सुटतात. रशियाच्या सीमेकडे जाणाऱ्या गाडीच्या काचेवर 'प्सोऊ', म्हणजे सीमेवरच्या नदीचं नाव, लिहिलेलं असतं. रशियन लिपी येत नसेल तर खूण लक्षात ठेवा: पहिलं अक्षर दाराच्या चौकटीसारखं, दुसरं इंग्रजी 'सी'सारखं. शंभरएक किलोमीटरचं अंतर आहे. पुढे प्सोऊचा पूल चालत ओलांडायचा, पलीकडे रशियातलं आद्लेर.

भारतीय पासपोर्टवाल्यांची फसगत बहुधा व्हिसात होते. सीमा ओलांडली की रशियातून बाहेर पडल्याची नोंद होते. रशियाचा ई-व्हिसा एकाच प्रवेशाचा, म्हणजे परतीचं दार बंद. दुहेरी किंवा बहुप्रवेशी व्हिसाच हवा, शिवाय अबखाझियाचं पूर्वपरवानगीपत्र. रशियाच्या बाजूने आत शिरणं हा जॉर्जियाच्या कायद्यात गुन्हा आहे. त्यामुळे या वाटेने आलात तर इंगुरीवरून तिबिलिसीला निघायचा बेत मुळीच आखू नका. अडकलात तर मदतीला इथे भारतीय दूतावास नाही.

चलन रुबल. भारतीय बँकेचं व्हिसा कार्ड किंवा मास्टरकार्ड चालत नाही, तेव्हा रोख सोबत ठेवा, सुट्यासकट. घड्याळ मॉस्कोच्या वेळेवर, भारताच्या अडीच तास मागे. पाट्यांवर 'सुखुम' किंवा अबखाझ भाषेतलं 'आक्वा' दिसेल. 'सुखुमी' शोधत बसाल तर स्टेशनात उभे राहूनही स्टेशन सापडणार नाही.