कुलूप काढायला लावणारे वकील

नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर या वकिलांचं ऑफिस आहे. लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा नाही (ठाण्यात ती असते कुठे म्हणा), आणि सहाची वेळ दिली की सातला नंबर लागतो. घेतात फक्त हाउसिंग सोसायट्यांची कामं. पहिल्या भेटीचे दोन हजार. पावती मागावी लागते.

आमचं प्रकरण असं. पाचपाखाडीतला तळमजल्यावरचा फ्लॅट आम्ही 2017 मध्ये रिसेलला घेतला. स्वयंपाकघरामागे बारा बाय अठराची मोकळी जागा. "गार्डन फ्लॅट आहे" म्हणत आधीच्या मालकांनी साडेतीन लाख वर घेतले. बिल्डरच्या मूळ करारात ती जागा 'कायम वापरासाठी' दिल्याचं लिहिलेलंही होतं. आम्ही ग्रिलचं गेट बसवलं, कुलूप घातलं. सासूबाईंची उन्हातली खुर्ची, कढीपत्ता, गवती चहा, कपड्यांची दोरी. सहा वर्षं कुणी ब्र काढला नाही. मग नवी कमिटी आली आणि पंधरा दिवसांत गेट काढा अशी नोटीस.

मी करार घेऊन ताडताड जिना चढले होते, खटलाच करायचा म्हणून. वकिलांनी करार बाजूला ठेवला आणि मंजूर नकाशा मागितला. त्यात माझी 'बाग' म्हणजे इमारतीभोवती सोडलेलं सामासिक अंतर निघालं. म्हणाले, "मॅडम, जे विकायचा बिल्डरलाच हक्क नव्हता ते त्याने विकलंय." मग 2010 चा सुप्रीम कोर्टाचा पांचाली सोसायटीचा निकाल समजावून सांगितला. तो स्टिल्ट पार्किंगचा (इमारतीखाली खांबांमधलं), पण मुद्दा तोच: फ्लॅटविक्रीच्या 1963 च्या मोफा कायद्याखाली बिल्डरने फ्लॅट विकायचे, सामायिक जागा सोसायटीची. बांधकाम प्रकल्पांच्या नव्या रेरा कायद्यात तर गच्ची, बाग, उघडं पार्किंग सगळं सामायिक जागांच्या व्याख्येतच घातलंय.

"आणि माझे साडेतीन लाख?"

"ते गेले समजा. वसूल करायला निघालात तर आणखी जातील."

इतकं सरळ बोलणारा वकील मला तरी पहिल्यांदाच भेटला. खटला लावून दिला असता तर त्यांचीच कमाई होती.

मग खरं काम सुरू झालं: ती बाग सांभाळायची परवानगी मागणारा सोसायटीकडचा अर्ज. आधी कुलूप काढायला लावलं. सामायिक जागा सभासदाने अडवायची नाही असं आदर्श उपविधीतच (सोसायट्यांच्या नमुना नियमांत) आहे, त्यामुळे 'ताबा' हा शब्दही अर्जात नको म्हणाले. 'बागेची देखभाल' लिहा. भाडं देऊ केलं तर तेही नको, कारण मग ती भाड्याने दिलेली जागा दिसते. पत्रा नाही, फरशी नाही, ड्रेनेजच्या चेंबरकडे जायची वाट मोकळी, मुदत एक वर्ष. सेक्रेटरींचा तोंडी होकार धरून बसू नका, कमिटी बदलली की तो संपतो. वार्षिक सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या. सभेची नोटीस चौदा दिवस आधी निघते, तेव्हा त्याआधीच अर्ज देऊन विषय अजेंड्यावर घ्यायला लावा, ऐनवेळी घुसडू नका.

आता तक्रार. अर्जाच्या मसुद्याचे वेगळे सहा हजार घेतले आणि त्यात दुसऱ्याच सोसायटीचं नाव राहून गेलं होतं! आमची बी विंग, कागदावर डी. मी रात्री अकराला चष्मा लावून वाचलं म्हणून सापडलं. असिस्टंट फोन उचलत नाही, व्हॉट्सअॅपवर फक्त अंगठा पाठवतो.

सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी "मग उद्या मला गच्ची द्या" म्हणून घेतलंच. पण अर्जात एक वर्ष आणि बिनकुलपाचं गेट वाचून बाकीचे शांत झाले. ठराव 31 विरुद्ध 9.

चार स्टार. एक मसुद्यासाठी कापला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आता न विचारता कढीपत्ता नेतात, रविवारी बॉल घ्यायला पोरं येतात. मला जरा टोचतं, सासूबाई मात्र खूश, बोलायला माणसं मिळाली. सप्टेंबरमध्ये पुन्हा अर्ज द्यायचाय. तो मी घरीच टाइप करणार.