मोठे आतडे काढल्यानंतर: दोन भागांची स्टोमा पिशवी, ५ महिने वापरून

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार. त्याच्या ९ वर्षांत शौचालय कुठे आहे हे आधी पाहिल्याशिवाय मी कुठेच गेले नाही. मेसालामाईन, स्टिरॉइड, अझाथायोप्रिन, शेवटी इन्फ्लिक्सिमॅब, सगळी औषधे झाली. ५ महिन्यांपूर्वी मोठे आतडे काढून लहान आतड्याचे टोक पोटावर आणले; या रचनेला इलिओस्टोमी म्हणतात आणि पोटावरच्या त्या तोंडाला स्टोमा. तेव्हापासून ही पिशवी वापरते आहे. कातडीला चिकटणारी चकती वेगळी, तिच्या कड्यावर बसणारी पिशवी वेगळी.

पिशवी चांगली की वाईट हे चकतीवरच ठरते. इलिओस्टोमीतून येणारा मल पातळ असतो, त्यात पाचकरस असतात. चकतीखाली थोडासा शिरला तरी कातडी भाजल्यासारखी होते. पहिल्या महिन्यात तीनदा गळती झाली आणि मी पिशवीला दोष दिला. पण शस्त्रक्रियेनंतर सुजलेला स्टोमा ६ ते ८ आठवडे आक्रसत जातो, आणि मी पहिल्या दिवशीच्याच मापाने भोक कापत होते. स्टोमा नर्सने माप घेऊन दाखवले: भोक स्टोमाहून जेमतेम २-३ मिलिमीटर मोठे हवे. आता चकती ४ दिवस टिकते. दर आठवड्याला माप घ्या, हे मला सुरुवातीलाच कोणी बजावायला हवे होते.

चकती मी सकाळी काही खाण्यापिण्याआधी बदलते, तेव्हा स्टोमा शांत असतो. कातडी नुसत्या कोमट पाण्याने धुते, कारण तेलकट साबणावर चकती धरत नाही. पुसताना थोडे रक्त दिसते. पहिल्यांदा हात थरथरला होता, पण स्टोमाला वेदना कळत नाही आणि एवढे रक्त नेहमीचेच.

माझा स्टोमा कातडीच्या वर २ सेंटिमीटर येईल असा उलटवून शिवला आहे. ब्रूक या ब्रिटिश सर्जनने १९५२ मध्ये मांडलेली ही पद्धत. म्हणून मला सपाट चकती पुरते. स्टोमा आत ओढला गेला असेल तर फुगीर चकती मागा.

तक्रारी दोन. वाकले की कडे पोटात रुततं. आणि वायू सोडणारा फिल्टर ओला झाला की निकामी; मग पिशवी फुगते आणि रात्री उठावे लागते. एरवी एक तृतीयांश भरली की रिकामी करते, दिवसातून ५-६ वेळा. पण त्या वेळा मी ठरवते. शौचाची कळ दाबून धावणे संपले, यासाठी मी या पिशवीला पूर्ण गुण देते.

गुदाशय अजून आत आहे, अधूनमधून रक्त-चिकटा पडतो. गुदाशय काढून लहान आतड्याचा जे-पाऊच, म्हणजे गुदद्वाराला जोडलेली आतली पिशवी, करायचा की पोटावरची पिशवीच कायम ठेवायची, हे सर्जनने माझ्यावर सोडले आहे. तोवर चकत्यांचा पुढचा खोका मागवला आहे, नव्या मापाचा.