मॉडेलम्यूज: विहिरीतलं नायट्रेट कुठून येतं ते शोधताना

गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीत नायट्रेट ६८ निघालं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. सगळे म्हणत होते, वरच्या अंगाचा ऊस आणि युरिया. मला ते पटत नव्हतं, म्हणून मॉडेलम्यूज या भूजलाचं मॉडेल मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये गावाचं भूजल मांडायला बसले.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं हे सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे. गणित करतं ते मॉडफ्लो, १९८४ पासूनचं. ते वेगळं उतरवून घ्यायचं आणि कुठे ठेवलंय ते मॉडेलम्यूजला सांगायचं, की झालं. ओढा रेघ मारून काढला, विहीर एक ठिपका. वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, असे तीन थर दिले आणि अकरा विहिरींच्या पावसाळ्याआधीच्या व नंतरच्या पाणीपातळ्या जुळेपर्यंत आकडे बदलत राहिले. यातच तीन आठवडे गेले.

पण खरी किंमत वसूल झाली ती मॉडपाथमध्ये, म्हणजे पाण्याची वाट शोधणाऱ्या जोडीच्या प्रोग्राममध्ये. विहिरीभोवती कण सोडायचे आणि काळ उलटा चालवायचा. पाणी आलं कुठून, त्याच्या रेघा उमटतात. नायट्रेट मातीला चिकटून बसत नाही, पाण्याबरोबरच वाहतं, म्हणून या रेघांवर बराच भरवसा ठेवता येतो. काही रेघा उसात गेल्या. पण विहिरीच्या अगदी जवळचा झुपका वळून वस्तीखाली शिरला, संडासांच्या शोषखड्ड्यांकडे. तिथल्या हातपंपाचं पाणी तपासलं, तर नायट्रेट विहिरीपेक्षाही जास्त!

एक गोष्ट कळकळीने सांगते: सच्छिद्रतेचा, म्हणजे खडकात पाणी वाहायला किती पोकळी आहे त्याचा, आकडा पुस्तकातून उचलू नका. जलवाहकता (खडक पाणी किती सहज वाहू देतो ते) दिवसाला ५ मीटर, पातळीचा उतार शंभराला एक. सच्छिद्रता वाळूसारखी २० टक्के धरली, तर दूषित पाण्याला ३०० मीटर यायला १२०० दिवस लागतात. भेगाळ बेसॉल्टची २ टक्के धरली, तर फक्त १२०. दोन्ही वेळा पाणीपातळ्या मात्र तितक्याच छान जुळतात. म्हणजे पातळ्या जुळल्या म्हणून प्रवासाचा काळ बरोबर आला असं होत नाही. या एका आकड्यावर "तीन वर्षं आहेत" की "येत्या पावसाळ्याआत येईल" हे ठरतं, आणि ते पाणी लहान मुलं पिणार आहेत.

दख्खनच्या खडकासाठी हीच मोठी मर्यादा. मांडणी खडकाला स्पंजासारखा धरून चालते; एखादी मोठी भेग किंवा डाइक (भेगेत लाव्हा थिजून झालेली खडकाची उभी भिंत) तुम्ही स्वतः काढली नाही, तर ती तिच्या लेखी नसतेच. पाण्यात किती मिलिग्रॅम येईल हे हवं असेल, तर मॉडफ्लो ६ मधला वहनाचा भाग वापरावा लागतो. त्याला लागणारी माहिती आपल्या गावांत क्वचितच असते.

हाताशी निदान दहा विहिरींच्या दोन हंगामांच्या पातळ्या असतील, तर जरूर घ्या. नसतील, तर आधी टेप घेऊन विहिरी मोजा. नव्या विहिरीची जागा सरपंच रोज विचारतात. मी अजून सांगितलेली नाही. मे महिन्यात उपसा जोरात असताना रेघा कुठे वळतात ते आधी बघायचंय.