खोडरबर, चाळीस रुपयांचा सेल आणि माझा जुना पीसी

हा अभिप्राय साताऱ्यातल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाबद्दल. मी इथंच घरी डीटीपी करते, म्हणजे छपाईच्या मजकुराची कॉम्प्युटरवर मांडणी. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, आणि आषाढ लागला की गणेश मंडळांची पावतीपुस्तकं. पीसी २०१३ साली जुळवून घेतलेला, एच६१ मदरबोर्ड, आय-थ्री प्रोसेसर. पावसाची झड लागली की त्याचं सुरू होतं : बटण दाबलं की पंखा फिरतो, मॉनिटर काळाच, आणि आतून टूंऽऽ टूंऽऽ. आठ-दहा वेळा बंद-चालू केलं की एकदाचा उठायचा. यंदा उठलाच नाही, आणि तीन मंडळांची कामं अंगावर.

आधी नेहमीच्या दुकानात नेला. तिथं झाकणही न उघडता 'बोर्ड गेला, नवीन सेट घ्या' म्हणाले आणि १८ हजारांचं कोटेशन हातात दिलं. जुना डेटा विचारला तर 'बघू, फॉरमॅट मारावं लागेल', म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्यानं.

मग मावसभावानं राजवाड्याच्या मागच्या गल्लीतलं हे पहिल्या मजल्यावरचं दुकान सांगितलं. जिना अरुंद आणि उभा. सीपीयू कडेवर घेऊन चढताना पोराला घेतल्यागत वाटलं.

तिथल्या मुलानं आधी विचारलं, "काकू, यावर काम काय करता?" पेजमेकर (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी फॉन्टचं) म्हटल्यावर म्हणाला, "मग फॉरमॅटचं नावच नको." इथंच मला हायसं वाटलं. आमच्या जुन्या फाइलींचं दुखणं बाहेरच्याला कळत नाही. श्रीलिपीचा फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

त्यानं दोन्ही रॅम, म्हणजे मेमरीची कार्डं, काढल्या. खालची सोनेरी पट्टी काळवंडली होती. खिशातलं शाळेचं पांढरं खोडरबर काढलं, पट्टी दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं घासली, स्लॉटमध्ये ब्रश फिरवला, आधी एकच रॅम बसवली. एकच छोटी 'टुं', आणि स्क्रीन आली! दमट हवेनं त्या पट्टीवर थर धरतो, मग रॅम बोर्डाला दिसत नाही, म्हणून तो आरडाओरडा, असं त्यानं सांगितलं.

पण विंडोज काही आलं नाही. काळ्या पडद्यावर 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. घड्याळात २००९ साल. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, मीटरवर २.३ व्होल्ट दाखवत होता, असायला हवेत ३. सेल उतरला की बायोस, म्हणजे मशीन सुरू करून देणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, आपल्या सेटिंग विसरतं, म्हणून ते डिस्क सोडून भलतीकडेच विंडोज शोधत बसलं होतं. नवा सेल ४० रुपये. गेले दोन महिने बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' का म्हणत होती तेही तेव्हा उमगलं. तारीखच चुकीची! मी उगाच इंटरनेटवाल्याशी भांडत होते.

हार्ड डिस्क मात्र खरंच आजारी निघाली. डिस्कची तब्येत तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळं 'कॉशन' (सावधान) मला समोर बसवून दाखवलं. २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, घेतली, त्यावर जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करून दिली. फॉन्ट, पेजमेकर, डेस्कटॉपवरचा पसारा, सगळं जागच्या जागी. जुनी डिस्क कागदात गुंडाळून, वर मार्करनं माझं आडनाव लिहून परत दिली. पूर्वी मशीन सुरू होईतो चहा व्हायचा, आता आधण ठेवायलाही वेळ मिळत नाही.

एकूण २,४५० रुपये, त्यात मजुरी ३००. नवीन मशीन विकायची घाई नाही. उलट स्वतःच म्हणाला, "हे विंडोज ११ च्या नियमात बसत नाही आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२५ पर्यंतच. बँकेची कामं मोबाइलवर करा, हे फक्त छपाईच्या कामाला ठेवा."

आता तक्रारी. यांचं 'उद्या' म्हणजे परवा संध्याकाळी. फोन तिसऱ्यांदा लावला की उचलतात. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, मी मागून घेतलं. एसएसडीच्या वॉरंटीला लागतं, तुम्हीही मागा. दुपारी दोन ते चार बंद, आणि हे खालच्या पाटीवर कुठंही लिहिलेलं नाही. जिना चढल्यावर कुलूप दिसतं.

चार तारे. पाचवा दिला असता, पण डाव्या झाकणाचा एक स्क्रू परत आलेलाच नाही.