चित्रवर्णनाचा तास आणि दोन परदेशी संग्रहालयांचे मोफत कोर्स

प्रमाणपत्रासाठी हे कोर्स करणार असाल तर राहू द्या. शिकणं फुकट आहे, प्रमाणपत्राला पैसे पडतात, आणि त्या कागदाची आपल्याकडे कुणी दखल घेईल असं मला वाटत नाही. वर्गासाठी करणार असाल तर पुढे वाचा.

मी ऐरोलीत सहावीला मराठी शिकवते. चित्रकलेशी माझा संबंध चित्रवर्णनापुरता. ‘हे जत्रेचे चित्र आहे. जत्रेत पाळणा आहे. मुले आनंदी आहेत.’ अशा वह्या वर्षानुवर्षं तपासून कंटाळले होते, म्हणून जूनपासून दोन कोर्स हळूहळू केले आणि त्यातलं वर्गात वापरत गेले.

पहिला न्यूयॉर्कच्या मोमाचा, म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा, कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरचा ‘आर्ट अँड इन्क्वायरी’. दुसरा वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टचा, एडएक्स या तशाच संकेतस्थळावरचा ‘टीचिंग क्रिटिकल थिंकिंग थ्रू आर्ट’. मोमाचा कोर्स शिक्षकाची तयारी करून घेतो: चित्र कसं निवडायचं, मोकळा प्रश्न कसा विचारायचा, माहिती कधी द्यायची. नॅशनल गॅलरीचा कोर्स थेट वर्गात उतरतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या शिक्षणावरच्या संशोधन केंद्रानं तयार केलेल्या, चित्र पाहून विचार करायच्या छोट्या छोट्या रीती त्यात आहेत आणि त्या मुलांबरोबर वापरताना दाखवल्या आहेत. काय दिसतं, त्यावरून काय वाटतं, कोणता प्रश्न पडतो, ही त्यातली सगळ्यात सोपी. ‘टेन टाइम्स टू’मध्ये अर्धा मिनिट चित्र पाहायचं, दहा शब्द लिहायचे, पुन्हा पाहायचं, आणखी दहा लिहायचे. खरी गंमत दुसऱ्या दहात असते.

वर्गात सगळ्यात रंगलं ते विन्स्लो होमरचं ‘ब्रीझिंग अप’. १८७३ ते १८७६ या काळातलं तैलचित्र, नॅशनल गॅलरीतच आहे. शिडाची होडी, एक माणूस, तीन पोरं. मी काहीच सांगितलं नाही, फक्त काय दिसतं ते विचारलं. दिवा कोळीवाड्यातला एक मुलगा एरवी मागच्या बाकावर गप्प असतो. तो उठून म्हणाला, “बाई, पोरं त्या बाजूला उगाच नाही बसली. होडी कलंडू नये म्हणून बसलीत.” कशावरून म्हणतोस, असं विचारल्यावर त्यानं शिडातला वारा दाखवला, होडीचा झुकाव दाखवला, सुकाणू कुणाच्या हातात आहे तेही दाखवलं. मग एकीला होडीत मासळी दिसली. “म्हणजे मासेमारी झाली, आता घरी चाललेत.” त्यावर दुसरीचं म्हणणं, मग घाई कुणालाच कशी नाही? वाद जुंपला तो तास संपेपर्यंत.

‘कशावरून?’ एवढा एक प्रश्न मला या दोन्ही कोर्सेसचं सार वाटतो. यामागे फिलिप येनावाइन आणि अ‍ॅबिगेल हाउसन यांनी रुजवलेली, प्रश्न विचारत चित्रावर चर्चा घडवायची पद्धत आहे. त्यातले येनावाइन हे मोमाच्याच शिक्षण विभागाचे एकेकाळचे प्रमुख. हा प्रश्न आता मी कवितेच्या तासालाही विचारते.

माहिती शेवटी द्या, हा मोमाचा सल्ला त्याच चित्रावर पटला. होमरनं आधी डोलकाठीजवळ चौथा मुलगा घातला होता आणि नंतर तो काढून टाकला, हे चित्राच्या तांत्रिक तपासणीत दिसून आलं आहे. ते सुरुवातीलाच सांगितलं असतं तर मुलांनी लिहून घेतलं असतं आणि विषय संपला असता. शेवटी सांगितल्यावर वर्गात कल्ला झाला, आणि तो चौथा मुलगा कुठे गेला यावर पान-पानभर निबंध आले. शुद्धलेखन यथातथाच, पण ‘मुले आनंदी आहेत’ एकाही वहीत नव्हतं.

रवि वर्म्याच्या लक्ष्मीच्या छापील चित्राचं मात्र उलटं झालं. १८९४ मध्ये घाटकोपरला छापखाना काढून त्यांनी देवादिकांची चित्रं घरोघरी पोचवली, त्यामुळे मुलांना ती पाठच आहेत. “लक्ष्मी!” म्हणून सगळे एका सुरात ओरडले आणि बघणं तिथेच थांबलं. नाव घ्यायचं नाही, फक्त दिसेल ते लिहायचं, असं बंधन घातल्यावर साडीचा काठ, पाणी, हत्ती एकेक करून वहीत आले. ओळखीच्या चित्रावर ‘टेन टाइम्स टू’ जास्त कामाला येतं, हे कोर्समध्ये कुणी सांगत नाही.

आता तक्रारी. व्हिडिओतले वर्ग आटोपशीर. आमचा पट पन्नाशीला टेकतो. सगळ्यांना बोलू द्यायचं तर पस्तीस मिनिटांची तासिका पुरतच नाही. मी गट पाडून प्रत्येकातून एकालाच बोलायला लावते. त्यात गप्प मुलं आणखी गप्प होतात, यावर समाधानकारक उपाय मला अजून मिळालेला नाही. भाषा अमेरिकी इंग्रजी, बोलण्याचा वेग बरा; सबटायटल लावून आणि गती थोडी कमी करून माझं भागलं. मोमाची बरीच चित्रं विसाव्या शतकातली, म्हणून कॉपीराइटमध्ये अडकलेली. छापून वर्गात लावताना विचार करावा लागतो. नॅशनल गॅलरीनं कॉपीराइट संपलेल्या चित्रांच्या मोठ्या फाइल २०१२ पासून मोफत खुल्या केल्या आहेत, न्यूयॉर्कच्या मेट, म्हणजे मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २०१७ पासून. आमच्या वर्गाला पडदे नाहीत, दुपारी प्रोजेक्टरवर नुसता पांढरा उजेड दिसतो, म्हणून मी झेरॉक्सच्या दुकानातून ए-थ्री रंगीत प्रिंट काढते. गटाला एक. प्रोजेक्टरपेक्षा हे कितीतरी बरं, कारण मुलं चित्रावर बोट ठेवून भांडतात.

आमच्या चित्रकलेच्या सरांना दोन्ही कोर्स सुचवले. ते एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत बुडालेले, “बघायला शिकवून ग्रेड वाढते का?” म्हणाले. त्या परीक्षेपुरतं त्यांचं बरोबर असेलही.

वेळ कमी असेल तर आधी नॅशनल गॅलरीचा करा. पहिल्याच आठवड्यात वर्गात काहीतरी करून बघता येईल. मोमाचा दिवाळीच्या सुट्टीत. कोर्सेरावर मोफत पाहण्याचे नियम बदलत असतात, तेव्हा कार्डाचा नंबर मागणाऱ्या पानावर घाईनं पुढे जाऊ नका.