ओल्ड ट्रॅफर्ड की ॲक्रिंग्टन?

मँचेस्टरला एकच शनिवार हाताशी आहे आणि गिरणीकाळातल्या फुटबॉलची चव घ्यायचीय, तर कुठे जावं? मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर, की उत्तरेकडच्या ॲक्रिंग्टन गावातल्या छोट्या मैदानावर?

आधी वेळ. १८५० च्या कायद्यामुळे कापडगिरण्यांतल्या बायका-मुलांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागलं. तीनच्या सामन्याचं मूळ तिथे. लीगच्या खालच्या विभागातल्या ॲक्रिंग्टन स्टॅन्ली या क्लबचे बरेच घरचे सामने अजून तीनलाच असतात. ओल्ड ट्रॅफर्डची तारीख मात्र टीव्हीसाठी सरकते, म्हणून परत न मिळणाऱ्या पैशांचं हॉटेल आधी ठरवू नका. उलट, हिवाळ्यात लहान मैदानं गोठून सामना रद्द होतो. सकाळीच चौकशी करा.

तिकीट: ओल्ड ट्रॅफर्डला सुमारे ७४ हजार जागा असूनही सदस्यत्वाशिवाय मिळणं कठीण. ॲक्रिंग्टनला सहसा आयत्या वेळीही जमतं, तेही बरंच स्वस्तात.

उभं राहणं हा खरा फरक. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर उभ्या प्रेक्षकांच्या चेंगराचेंगरीत ९७ जण गेले, मग वरच्या विभागांत खुर्च्या सक्तीच्या झाल्या. ओल्ड ट्रॅफर्डच्या काही भागांत आता कठडा लावलेल्या खुर्च्यांपाशी उभं राहता येतं. ॲक्रिंग्टनला उभं राहायच्या जुन्या पायऱ्या अजून आहेत. लोखंडी आडव्या दांड्याला टेकून उभे राहा, पुढे उंच माणूस आला तरी बाजूला सरकता येतं. हातात गरम ‘पाय’ (pie, आत रस्सा भरलेला भाजलेला पदार्थ) असेल तर आधी कडेचा तुकडा मोडून वाफ जाऊ द्या, नाहीतर रस्सा जीभ भाजतो.

मोठे खेळाडू पाहायचे तर ओल्ड ट्रॅफर्ड. पायरीवरची थंडी, शेजाऱ्यांची कुरकुर हवी असेल तर ॲक्रिंग्टन.