घरगुती चित्रीकरणासाठी: सोनी सीएक्स४०५ की कॅनन लेग्रिया एचएफ आर८०६?

दोन्ही कॅमेरे फुल एचडी चित्रीकरण करतात आणि दोघांचा ऑप्टिकल झूम जवळपास सारखाच, म्हणजे सोनीचा ३० पट आणि कॅननचा ३२ पट असल्यामुळे, निव्वळ झूमच्या आकड्यावरून निवड करण्यात अर्थ नाही. खरा फरक रुंद बाजूला, म्हणजे झूम न करता चौकटीत किती रुंद दृश्य मावते, त्यात आहे. सोनीची लेन्स २६.८ मिलिमीटरपासून सुरू होते (हा आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद); त्यामुळे छोट्या दिवाणखान्यातल्या बारशात पाळणा आणि त्याभोवतीच्या बायका एकाच चौकटीत मावतात, तर कॅनन घेऊन भिंतीला पाठ टेकवावी लागते. शिवाय सोनीच्या हातपट्ट्यातच यूएसबी केबल असल्याने चार्जिंगसाठी वेगळी वायर शोधावी लागत नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र कॅनन निर्विवाद सरस आहे, कारण त्याला बाहेरचा माइक आणि हेडफोन जोडता येतात. सोनीत ती सोयच नाही. कॅननचा ३ इंची पडदा स्पर्शाने चालतो, सोनीचा २.७ इंची पडदा स्पर्शाने चालत नाही. आजी-आजोबांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपायच्या असतील, तर मी कॅननच घ्यायला सांगेन, कारण अंधुक चित्र चालवून घेता येते, पण न कळणारे शब्द पुन्हा मिळत नाहीत.